राज्यकर्त्याचं तत्त्वज्ञान भाषणात नाही, कलमात सापडतं : खोतीपासून जमीन संपादनापर्यंत

खाडीकाठ (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी ८.४०

कोकणात मोठा प्रकल्प किंवा नवी अधिसूचना आली की चर्चा नेत्यावरच घसरते. कोण समाजवादी, कोण बाजारवादी, कोण गांधींचं नाव घेतो, एवढ्यावरच दिवस जातात. राजकीय तत्त्वज्ञानाचा राज्यकारभारावर काय परिणाम होतो हे खरंच पाहायचं असेल तर भाषण बाजूला ठेवून कायद्याचं कलम हातात घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. 'नाही' म्हणायचा हक्क कुणाला दिलाय? माणसं मोजताना कोण धरलंय आणि कोण सुटलंय? परवानगी ठरलेल्या नियमाने मिळते की साहेबाच्या मर्जीने? या तीन जागी कायदा करणाऱ्याचा विचार उघडा पडतो.

सुरुवात खोतीपासून करतो, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

खोत हा सरकार आणि रयत यांच्यामधला वंशपरंपरेचा सारा वसूल करणारा. १८८० च्या खोती कायद्याने त्याचं स्थान पक्कं केलं. कुळाने पिकाचा हिस्सा खोताला द्यायचा, खोताने सरकारला सारा भरायचा, मधला फरक त्याचा. आता 'चांगल्या खोता'चा प्रश्न घ्या. एखादा खोत वेठ घेत नाही, दुष्काळात हिस्सा सोडतो, कुळाला हुसकावत नाही. मग त्याचं कूळ स्वतंत्र म्हणायचं का?

राजकीय विचारवंत आयझाया बर्लिन यांच्या १९५८ च्या प्रसिद्ध व्याख्यानातली नकारात्मक स्वातंत्र्याची कल्पना घेतली, तर उत्तर जवळजवळ 'हो' असं येतं. कुणी आडवं येत नाही, म्हणजे माणूस मोकळा. उपयुक्ततावादी पीक आणि सुखदुःख मोजेल आणि या गावात घाई नाही म्हणेल. फिलिप पेटिट यांनी १९९७ मध्ये प्रजासत्ताकवादाची जी मांडणी केली तिच्यात उत्तर साफ 'नाही' आहे. खोत आज आडवा येत नसेल, पण उद्या मनात आलं तर येऊ शकतो आणि कुळाच्या हातात त्यावर उपाय नाही. कुळाला त्याचं तोंड बघूनच वागावं लागतं. पेटिट या स्थितीलाच पारतंत्र्य म्हणतात.

ही कल्पना फक्त पुस्तकात राहिली नाही. स्पेनचे पंतप्रधान सापातेरो २००४ मध्ये सत्तेवर आल्यावर त्यांनी पेटिट यांना माद्रिदला बोलावलं आणि पुढच्या निवडणुकीआधी आपल्या सरकारने ही तत्त्वं किती पाळली ते तपासायला सांगितलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा कायदा झाला. घरातला पुरुष आज मारत नाही एवढ्याने बाई सुरक्षित ठरत नाही, हा विचार त्याच जातीचा.

जाणकारांनी कोकणातली उदाहरणं कलमासकट मांडावीत ही विनंती. माणसांवर शेरे नकोत.

---

सातबारा_वाचक | शनिवार, सकाळी ११.०५

खोती तुम्ही काढलीत, तर ती संपली कशी तेही नीट यायला हवं. त्यात दोन टप्पे आहेत आणि दोन्हींमागचा विचार वेगळा आहे.

स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ मध्ये निघाला आणि १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याआधीपासून, म्हणजे १९३३ पासून, अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप चालू होता. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. विधेयकात खोतांना वाजवी भरपाई होती आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला सरकारचा थेट खातेदार करायची तरतूद होती. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंच्या हाताखाली शिकलेल्या माणसाची ही पद्धत आहे. ड्यूई नियम आणि तत्त्व यांत फरक करतात. नियम 'असंच करा' म्हणून सांगतो, तत्त्व कशाच्या आधारे ठरवायचं ते सांगतं. बाबासाहेबांनी खोताला शत्रू ठरवलं नाही. मधली सत्ता काढली आणि तिची किंमत चुकवायची सोय ठेवली. विधेयक त्या काळात मंजूर झालं नाही. खोती निर्मूलन कायदा १९४९ चा, अमलात आला १५ मे १९५० पासून.

दुसरा टप्पा कुळकायद्याचा, १९४८ चा. त्याच्या १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसत असलेलं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. कलम ३२ग खाली किंमत ठरायची. साध्या कुळासाठी आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) २० ते २०० पट, कायम कुळासाठी खंडाच्या ६ पट. किंमत भरली की कलम ३२म चं प्रमाणपत्र.

कोकणात नेमकं बिघडलं ते इथे. ३२ग ची नोटीस गावच्या पत्त्यावर यायची आणि कसणारा मुंबईला. चौकशीत कूळ हजर राहिलं नाही किंवा 'मला घ्यायची नाही' असं त्याच्याकडून लिहून घेतलं गेलं की खरेदी निष्फळ ठरायची आणि जमीन कलम ३२प मध्ये जायची, म्हणजे तिची विल्हेवाट सरकार लावायचं. हक्क कायद्याने आपोआप दिला, टिकवण्यासाठी मात्र हजेरीची अट घातली. ज्याला हजर राहणं परवडत नाही त्याच्यासाठी हा हक्क अर्धाच राहतो.

आता कलम ४३. मालक झालेल्या कुळाने जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन विकायची नाही. हेतू भला होता, सावकाराने पुन्हा गिळू नये. पण खाडीकाठ यांची तिसरी कसोटी लावा. परवानगी द्यायची की नाही हे मर्जीवर, आणि ती मिळेपर्यंत दारात उभं राहायचं. खोत गेला आणि त्याच्या जागी कचेरी आली. २०१४ मध्ये हे बदललं. ३२म च्या प्रमाणपत्राला १० वर्षं झाली असतील तर परवानगी लागत नाही, आकाराच्या ४० पट रक्कम सरकारजमा करून विकता येतं. घेणारा शेतकरी असावा लागतो आणि कमाल धारणेची मर्यादा राहते. रक्कम अनेकदा किरकोळ असते, पण मर्जीच्या जागी आकडा आला हा बदल मोठा आहे. सातबाराच्या इतर हक्कात 'कलम ४३ ला पात्र' असा शेरा असेल तर आधी ३२म ची तारीख शोधा. ते प्रमाणपत्र कधी निघालंच नसेल तर १० वर्षांची मोजणी सुरूच झालेली नाही.

---

बंदर_रोड | शनिवार, दुपारी १.३०

दोन्ही पोस्ट अभ्यासू आहेत, पण मूळ गृहीतकावर माझी हरकत आहे. नेते तत्त्वज्ञ वाचून निर्णय घेत नाहीत. मतं, पैसा, पक्षातली ओढाताण यांवर निर्णय होतो आणि तत्त्वज्ञान मागाहून चिकटवलं जातं. एकच उपाय दोन विरुद्ध विचारांचे लोक करतात, मग विचाराचा परिणाम कुठे राहिला?

---

कातळसडा | शनिवार, दुपारी ३.१५

बंदर_रोड, तुमच्या शेवटच्या वाक्यालाच उदाहरण देते.

ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरं विकत घ्यायचा हक्क दिला. तीन वर्षं राहिलेल्याला किमतीत ३३ टक्के सूट, जास्त वर्षांना ५० टक्क्यांपर्यंत. आपला कुळकायदा काय करतो? राहणाऱ्याला, कसणाऱ्याला स्वस्तात मालक करतो. हत्यार तेच. बाजारवादी विचारवंत हायेकला मानणाऱ्या थॅचर एकीकडे, 'कसेल त्याची जमीन' म्हणणारे दुसरीकडे.

पण पुढे काय झालं ते पाहा. ब्रिटनमध्ये विकत घेतलेलं घर बाजारात नेण्यावर पक्की आडकाठी नव्हती. थोड्या वर्षांत विकलं तर सुटीचा काही भाग परत करायचा, एवढंच. कारण तिथे मालकी म्हणजे विकण्याचं स्वातंत्र्य. विक्रीच्या पैशातून नवी घरं बांधण्यावर मात्र नगरपालिकांना मर्यादा घातली. आपल्याकडे कलम ४३ ने विक्री अडवली, कारण इथे मालकी म्हणजे कसणाऱ्याचं संरक्षण. म्हणजे निर्णय कोणता घेतला यापेक्षा त्याला कुंपण कुठे घातलं यात विचार दिसतो. मतांचं गणित निर्णय घ्यायला लावतं हे मान्य. कुंपण कुठे घालायचं हे मतांचं गणित सांगत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या राजापूरच्या खासदाराचं. मधु दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्या होत्या, त्यांवर त्यांनी दोन इंचांचा फोम घालायला लावला. पहिला वर्ग खाली आणायचा नाही, दुसरा वर चढवायचा, अशी त्यांची भूमिका. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सगळीच दुसऱ्या वर्गाची म्हणून निघाली. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स १९७१ च्या ग्रंथात म्हणतात की विषमता चालेल, पण तिने सगळ्यात खालच्याचं भलं व्हायला हवं. दंडवते लोकशाही समाजवादाच्या वाटेने त्याच जागी पोचले. त्यात हिशेबही आहे. वरच्याचं काढून घेतलं तर भांडण होतं आणि खालच्याला काही मिळत नाही. फळीवर फोम घातला तर रोज लाखो लोकांना मिळतो आणि पुढचा मंत्री तो काढू शकत नाही.

आणि हेच समाजवादी १९९० मध्ये कोकण रेल्वेसाठी काय करतात? जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री. अर्थसंकल्पाच्या रांगेत उभं राहिलं तर मार्ग कधी होईल सांगता येत नव्हतं. म्हणून वेगळं महामंडळ काढलं : केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६. उरलेला पैसा रोख्यांतून बाजारातून. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. साधन बाजाराचं, उद्देश दुर्लक्षित पट्ट्याला जोडण्याचा. इथे तत्त्वज्ञान पैसा कुठून आला यात सापडत नाही, मार्ग कुठून न्यायचा यात सापडतं.

---

बंदर_रोड | शनिवार, दुपारी ४.००

कुंपणाचा मुद्दा पटला. हरकत मागे घेतो, पण अर्धीच.

---

रेवदंडा_नोंदी | शनिवार, रात्री ९.२०

राजापूर मतदारसंघ निघालाच आहे, तर दंडवत्यांच्या आधीचे खासदार बॅ. नाथ पै यांना वगळून चालणार नाही. तत्त्वज्ञानाचा सगळ्यात थेट वाद त्यांनी संसदेत नेला.

२७ फेब्रुवारी १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ५ अशा बहुमताने सांगितलं की संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. त्याच वर्षी नाथ पैंनी खासगी विधेयक आणलं : घटनेचा कोणताही भाग, मूलभूत हक्कांसकट, बदलण्याचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट करावं.

समाजवादी माणूस मूलभूत हक्कांच्या विरुद्ध कसा, असं वाटेल. कोकणाकडून पाहिलं की कारण दिसतं. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची आली. तिच्यातल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात आव्हान देता येत नसे, आणि तिच्यात सुरुवातीला १३ कायदे होते. त्यांत दुसरा आपला १९४८ चा कुळकायदा आणि सहावा खोती निर्मूलन कायदा. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत होता. संसदेचा दुरुस्तीचा अधिकार गेला तर पुढच्या कोणत्याही जमीन सुधारणेला कोर्टात धोका. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कुळाची मालकी आणि संसदेचं सार्वभौमत्व एकाच दोरीने बांधलेलं होतं.

विधेयक मंजूर होण्याआधी लोकसभा विसर्जित झाली आणि १८ जानेवारी १९७१ ला नाथ पै गेले. त्याच वर्षी २४ व्या दुरुस्तीने तेच तत्त्व सरकारने आणलं. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ ने मधला मार्ग निघाला : दुरुस्ती करा, पण घटनेचा मूळ गाभा मोडू नका. दोन वर्षांनी आणीबाणी आली. अमर्याद बहुमताच्या हाती सगळं दिलं तर काय होतं ते तेव्हा दिसलं, आणि माझ्या मते नाथ पैंच्या मांडणीतली उणीव तीच होती. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढून कलम ३००अ मध्ये साधा घटनात्मक हक्क केला.

यातला पेच आजही जिवंत आहे. कुळाला जमीन मिळावी म्हणून मालमत्तेचा हक्क कमजोर केला. आता प्रकल्पासाठी त्याच कुळाची जमीन घ्यायची वेळ येते तेव्हा त्याच्याकडेही तो कमजोर हक्कच उरतो.

---

सातबारा_वाचक | रविवार, सकाळी ७.५०

शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा आहे, त्यालाच धरून जमीन संपादनाच्या कायद्यांचं सांगतो.

१८९४ च्या कायद्यात 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणजे सरकार म्हणेल ते. हरकतीला ३० दिवस, आणि हरकत ऐकायची एवढंच, मानायची नाही. २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून आला. त्यात खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ८० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती, सरकार-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के, सरकारच्या स्वतःच्या कामासाठी संमती नाही. त्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास ६ महिन्यांत, ग्रामसभेशी सल्लामसलत करून. त्यावर तज्ज्ञ गट बसतो, त्यात सरकारबाहेरचे दोन समाजशास्त्रज्ञ आणि ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस.

आता वाटा पाहा. चौथ्या अनुसूचीत राष्ट्रीय महामार्ग कायदा, अणुऊर्जा कायदा असे १३ केंद्रीय कायदे आहेत. त्यांखाली संपादन झालं तर भरपाई नव्या दराने मिळते, पण संमती आणि परिणाम-अभ्यास लागत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून आपले चार कायदे तसेच वेगळे ठेवले, त्यांत औद्योगिक विकास कायदा १९६१ आहे. म्हणून कोकणात औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन जाते तेव्हा कलम ३२(२) ची नोटीस येते आणि लोक २०१३ च्या कायद्याची ८० टक्के संमती शोधत बसतात. पहिली चूक इथे होते. नोटिशीवर कोणत्या कायद्याचं नाव छापलंय ते आधी वाचा, हरकत त्याच कायद्याखाली त्याच मुदतीत द्या.

ताकद त्या अनुसूचीत आहे. मूळ कायदा रॉल्सचा वाटतो, अनुसूची उपयुक्ततावादी बेंथमची आहे. जास्तीत जास्त लोकांचं हित कोणतं ते सरकार ठरवणार आणि बाधिताला पैसे देऊन मोकळं करणार.

हे सगळं पश्चिमेकडून आलेलं आहे असं कुणी समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय आहे. आंबा, फणस ही झाडं आरमाराच्या उपयोगाची, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. राज्याला आरमाराची निकड असतानाचा हा हुकूम आहे. आधी धन्याची संमती, मग मोबदला, हा क्रम त्यात स्पष्ट आहे. आज मोबदला आहे, संमती अनुसूचीने गाळली.

---

तांडेल_आचरा | रविवार, सकाळी १०.३०

तुमचा म्हणणा पटला, पण दर्यातलो हिशोब वेगळो. जमिनीला सातबारा आहे, समुद्राला नाही. म्हणून तिथे तत्त्वज्ञान आणखी उघडं दिसतं.

डच विचारवंत ग्रोशियस याने १६०९ मध्ये मांडलं की समुद्र कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. रोख पोर्तुगिजांवर होता, जे याच किनाऱ्यावर परवान्याशिवाय जहाज जाऊ देत नव्हते. त्याच्या युक्तिवादात एक गृहीतक होतं : वापरल्याने समुद्र संपत नाही. शिडाच्या होड्यांच्या काळात ते खपलं. यांत्रिक नौका आणि मोठी जाळी आल्यावर ते कोसळलं.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने उलटं टोक गाठलं. सामाईक गोष्ट ओरबाडली जाणारच, म्हणून सरकारचा दंडुका तरी हवा किंवा खासगी मालकी तरी. आपले मासेमारीचे कायदे या विचाराचे आहेत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंदी. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला (माशांच्या थव्याला वेढणारं मोठं जाळं) १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच हंगाम. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी नोव्हेंबर २०१७ पासून. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेला आणि निवाड्याचं काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आलं. काम लवकर होतं, पण पकडणारं आणि निवाडा देणारं खातं एकच झालं. सत्ता विभागणीचा धडा इथे सुटला.

तिसरी वाट एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची. त्यांचा ग्रंथ १९९० चा, नोबेल २००९ चं. सामाईक साधनं वापरणारेच नियम करून नीट सांभाळतात, पण अटी आहेत : हद्द स्पष्ट हवी, नियम त्या जागेला साजेसे हवेत, पाळत ठेवणारे आपल्यातलेच हवेत, शिक्षा चुकीच्या प्रमाणात वाढत जायला हवी, आणि सरकारने त्या मंडळींचा नियम करण्याचा हक्क मानायला हवा. आपली रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं, याच घडणीची. जाळ्याचा वाटा, दोरी ओढणाऱ्याचा वाटा, कोणती रापण कधी लागणार त्याची पाळी. हंगाम नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून उघडायचा. ती पौर्णिमा तिथीने पुढेमागे होते, आणि तोवर पावसाळी समुद्रही बराच निवळलेला असतो.

बिघडतं कुठे, तर हद्दीवर. १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची, राज्यसूचीतली २१ वी नोंद. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राची, केंद्रसूचीतली ५७ वी. बांगडा-तारली ही रेषा ओळखत नाहीत. १२ मैलांबाहेर जातो म्हणणारी नौका आतूनच जाते आणि आतूनच परत येते. जाळं नेमकं कुठे टाकलं ते पाहायला तिथे गस्ती नौका असावी लागते. ऑस्ट्रॉम यांची पहिलीच अट इथे मोडते. रापणकर संघाला कायद्यात पाळत ठेवण्याचा अधिकार नाही, तक्रार करण्याचा आहे. हा अधिकार मिळाल्याशिवाय दंड २० लाख केला काय आणि २ लाख ठेवला काय, फरक पडत नाही असं माझं म्हणणं आहे.

---

घाटमाथा | रविवार, दुपारी १२.१०

तांडेलदादांनी मांडलेला वाद डोंगरातही तसाच आहे. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीने ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला : सुमारे ९ गुणिले ९ किलोमीटरचे चौकोन, संवेदनशीलतेचे तीन स्तर, आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवायची. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये उपग्रह चित्रांवरून गाव हे एकक धरलं आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील म्हटलं. लोकांना दुसरा अहवाल सौम्य वाटला कारण क्षेत्र कमी. पण पहिल्यात गावाला बोलायची जागा होती, दुसऱ्यात गावाचं नाव थेट यादीत येतं. मार्च २०१४ पासून संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुद्यावर मसुदा निघतोय, सहावा ३१ जुलै २०२४ चा. मसुदा निघाला की हरकतीला ६० दिवस असतात. 'आमचं गाव वगळा' एवढ्याच अर्जाने काही होत नाही. गट नंबर, सध्याचा वापर, पाण्याचे स्रोत अशी नोंद जोडलेली हरकत टिकते.

---

कातळसडा | रविवार, दुपारी २.४५

सगळ्यांचा कल ग्रामसभेकडे दिसतो, म्हणून दुसरी बाजू मांडणं मला गरजेचं वाटतं.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासभेत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं. त्यानंतर काहीच दिवसांत, २२ नोव्हेंबरला, ग्रामपंचायतींचं कलम ४० घटनेत आलं. गांधींचं ग्रामस्वराज्य आणि बाबासाहेबांची गावाबद्दलची भीती, दोन्ही आपल्या घटनेत शेजारी शेजारी बसलेली आहेत. ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली तेव्हा राखीव जागा आल्या, त्या या भीतीला दिलेलं उत्तर आहे.

कोकणात ही भीती फोल नाही. रायगडमधली कातकरी वाडी बहुतेकदा दुसऱ्याच्या जमिनीवर असते. मूळ गावाच्या सभेत त्यांचा आवाज किती? आणि उलट बाजूला मुंबईचा चाकरमानी : सातबारावर नाव आहे, मतदार यादीत नाही. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात तो नाहीच.

म्हणून 'ग्रामसभेचा ठराव' म्हणताना कोणत्या कायद्याची ग्रामसभा ते आधी सांगा. साध्या ग्रामसभेला गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी असेल ते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नियमित सभेआधी महिलांची सभा व्हायला हवी. वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेला २०१२ च्या नियमांनुसार निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. शंभर लोकांच्या सह्यांनी वनहक्काचा ठराव केला की तो तिथेच पडतो. पालघरच्या अनुसूचित (आदिवासी) भागात ग्रामसभेला जादा अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे, तिथे वाडीची वेगळी ग्रामसभा होऊ शकते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पेसा नाही. ओडिशात नियमगिरीला २०१३ मध्ये १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो टिकला. त्याच्यामागे वनहक्क कायदा होता. तो नकार इथे जसाच्या तसा आणता येत नाही.

पर्यावरण जनसुनावणी हा आणखी वेगळा प्रकार. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवसांची सूचना, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला प्रतिनिधी, गणपूर्ती नाही, मतदान नाही. संवादाने सहमती घडवायचा जर्मन तत्त्वज्ञ हाबरमासचा विचार सभेत आणला, पण सहमती झाली नाही तर काय ते लिहिलंच नाही. तरीही बहिष्कार घालू नका. लेखी म्हणणं पोच घेऊन द्या. सभेच्या शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवणं आणि त्याच दिवशी त्यावर सही होणं बंधनकारक आहे. वाचन झालं नाही तर तिथल्या तिथे तेवढं तरी लिहून द्या. पुढे हरित न्यायाधिकरणात हाच कागद कामाला येतो.

---

खाडीकाठ | रविवार, संध्याकाळी ६.३०

कातळसडाताई, फार मोलाचं लिहिलंत. माझ्या तीन कसोट्यांतली दुसरी, 'मोजताना कोण धरलं', हीच सगळ्यात अवघड दिसतेय. सातबारा_वाचक, २०१३ च्या कायद्यात ८० टक्के कशाचे? सामाईक सातबारावर चाळीस नावं असतील तर चाळीस धरायची की एक?

---

सातबारा_वाचक | रविवार, रात्री ८.१५

टक्केवारी क्षेत्राची नाही, कुटुंबांची. कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि अवलंबून असलेली अज्ञान भावंडं. सज्ञान मुलगा किंवा मुलगी वेगळं कुटुंब. विधवा, घटस्फोटित, टाकलेली स्त्री यांचंही वेगळं. म्हणून चाळीस नावांच्या सातबारावर कुटुंबं चाळीसहून जास्तही निघतात. वारस नोंद झालेली नसेल तर मयताच्या नावाला संमतीही मिळत नाही आणि नकारही. फेरफार आधी करून घ्या.

आता मुख्य गोष्ट. 'बाधित कुटुंब' याची व्याख्या कलम ३(ग) मध्ये सहा उपखंडांत आहे. जमीन जाणारे पहिल्यात, शेतमजूर आणि तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेले दुसऱ्यात, जंगल किंवा पाण्यावर जगणारे, त्यात मच्छीमार आणि नावाडी, चौथ्यात. पुनर्वसनासाठी हे सगळे बाधित. पण ८० आणि ७० टक्के संमती मोजताना कलम २(२) फक्त पहिला आणि पाचवा उपखंड धरतं, म्हणजे जमीन जाणारे आणि सरकारी योजनेत जमीन मिळालेले. बाकीच्यांची झळ कायद्याला मान्य आहे, होकार-नकार मात्र विचारायचा नाही. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्यापासून चालत आलेला 'मालमत्ता असेल त्याची संमती' हा विचार एका आकड्याच्या आड अजून तसाच बसलेला आहे.

---

तांडेल_आचरा | रविवार, रात्री ९.४०

म्हणजे खाडीत तीन वर्षांपेक्षा जास्त मासेमारी करणारं कुटुंब बाधित आहे, पण त्याचा नकार मोजला जात नाही. मग त्याच्या हातात एकच जागा उरते, सामाजिक परिणामांचा अभ्यास. तिथे नाव नोंदवायला नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, सहकारी सोसायटीतलं सदस्यत्व, डिझेल परताव्याच्या पावत्या दाखवता येतील. पायी कालवं-तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्या बायकांकडे यातलं काहीच नसतं, त्यांची नोंद पंचनाम्याने, वाडीतल्या साक्षीदारांच्या जबाबावर करून घ्यावी लागेल.

पण तुम्हीच वर लिहिलंत की औद्योगिक विकास कायद्याखाली संपादन असेल तर हा अभ्यासच होत नाही. आणि कोकणात नोटीस बहुतेक वेळा त्याच कायद्याची येते. मग तिसऱ्या काढणाऱ्या बाईचं नाव कोणत्या कागदावर येणार?